पूर्व भागातला संध्याकाळचा सरकारी दवाखाना : पाचपैकी साडेतीन स्टार

आधीच सांगते, दवाखान्याचं नाव लिहिणार नाहीये. नाव लिहिलं की वरून फोन येतो आणि बोलणी बसतात ती टेबलावरच्या सिस्टरला, आणि तिच्यामुळंच तर हे साडेतीन स्टार आहेत, नाहीतर मी दोनवरच थांबले असते. सोलापूरच्या पूर्व भागातला एक, दुपारनंतर उघडणारा आणि रात्रीपर्यंत चालणारा, एवढंच समजा.

गेल्या वर्षभरात आठ-नऊ वेळा गेले असेन. स्वतःसाठी दोनदा, पोराच्या तापासाठी एकदा, बाकी सगळ्या वेळा शेजारच्या अक्कांबरोबर. अक्का म्हणजे पद्मशाली, विणकर समाजातल्या, घरात तेलुगू, वय साठच्या आत-बाहेर, दहाव्या वर्षापासून विड्या वळतात. मराठी त्यांना येतं, भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं तर चांगलंच येतं, पण दुखणं सांगायची वेळ आली की माणूस आपल्या भाषेतच सांगतो ना ओ, आणि खरा घोळ तिथंच होतो.

तर झालं असं की अक्कांना चक्कर यायची. तेलुगूत चक्कर येते असं सांगायचं तर ‘कंड्लु तिरुगुतुन्नय’ म्हणतात, शब्दाला शब्द लावला तर डोळे फिरतायत. मागच्या उन्हाळ्याआधी त्या एकट्याच एका मोठ्या दवाखान्यात सकाळच्या ओपीडीला गेल्या (हा संध्याकाळचा नव्हे, दुसरा) आणि तिथं चांगल्या मराठीत सांगितलं, डॉक्टर, माझे डोळे फिरायलेत. आता मराठीत डोळे फिरले म्हणजे एकतर पैशानं माजला नाहीतर फीट आली. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरनं काय समजायचं ते समजून कागदावर डोळ्यांचा विभाग लिहून दिला. अक्का डोळ्यांच्या लायनीत. दोन तासांनी नंबर, डोळ्यात थेंब, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत परत बसा, मग तपासणी, मोतीबिंदूची सुरुवात आहे पण घाई नाही, जा घरी. थेंबामुळं संध्याकाळपर्यंत धुरकट दिसत होतं त्यामुळं त्या दिवशी विडी नाही, आणि दुसऱ्या दिवशी ब्रँचला (विडी कंपनीचं केंद्र, जिथं विड्या मोजून घेतात) द्यायला माल नाही म्हणून त्या दिवशीचेही पैसे नाहीत. आणि एवढ्या सगळ्यात बीपी कुणी बघितलंच नाही!

दोन महिन्यांनी मी त्यांना ह्या संध्याकाळच्या दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा सिस्टरनं खुर्चीत बसवल्या बसवल्या दंडाला पट्टा गुंडाळला. १८०/११०. हिमोग्लोबिन ८.२. सिस्टर म्हणाली, अक्का तुम्ही चालत आलात? अक्का म्हणाल्या, मग काय उडत येऊ?

आता हे सगळं मी रिव्ह्यूत का लिहिते तर माझं म्हणणं असं आहे की हा दवाखाना बरा की वाईट हे तिथल्या टाइल्स, एसी, बोर्ड ह्यावरून ठरवायचंच नाही. सरकार म्हणतं की गरीब, मागास, कोपऱ्यातल्या समाजांची तब्येत आणि बाकीच्यांची तब्येत ह्यात जी दरी आहे ती कमी करायची, त्यासाठी पैसा येतो, मिशन येतात, योजना येतात. मग अक्कांसारखी बाई आत आली आणि तिचं दुखणं नीट कळून ती बाहेर पडली का, हा एकच प्रश्न विचारायचा. त्या हिशोबानं बघू.

पहिली गोष्ट वेळ. हे ज्यानं कुणी ठरवलं त्याला माझ्याकडून एक कडक भाकरी आणि शेंगाचटणी. राज्य सरकारनं १ मे २०२३ पासून ‘आपला दवाखाना’ सुरू केले त्यांची वेळ दुपारी २ ते रात्री १० ठेवली, आणि आमच्याकडचा हाही त्याच वेळांचा. ज्यांना विडीचं काम माहीत नाही त्यांना ही वेळ म्हणजे काय ते कळणार नाही म्हणून सांगते. सकाळी आठ-नऊला बायका सुपात, पिशवीत विड्या घेऊन ब्रँचला जातात. तिथं लाईन, मोजणी, छाट काढणं (छाट म्हणजे नापास विड्या, तेवढी मेहनत फुकट), मग पुढच्या दिवसाची पानं आणि तंबाखू घ्यायची, घरी येऊन पानं भिजत घालायची, मध्येच स्वयंपाक, मग पत्र्याचा माप लावून पानं कात्रीनं कापायची, आणि दुपारपासून वळायला बसायचं. म्हणजे सकाळची सरकारी ओपीडी आणि विडीची ब्रँच दोन्ही एकाच टायमाला. पन्नास वर्षं ह्या बायकांना सांगितलं गेलं की दवाखाना फुकट आहे, या की. फुकट कुठला, एका दिवसाच्या मजुरीला पडतो तो! विडीला पगार नसतो, हजारामागं भाव असतो, हात थांबला की पैसा थांबला.

संध्याकाळी साडेसहा-सातला तिथं जाऊन बघा. सुपं बाजूला ठेवून आलेल्या बायका, नखाच्या कडेला तंबाखूचा काळपट रंग, रात्रपाळीला जायच्या आधी डबा हातात घेऊन आलेले यंत्रमागावरचे लोक, कानात अजून मागाचा आवाज असल्यासारखे मोठ्यानं बोलणारे, टॉवेल कारखान्यात शिलाई करणाऱ्या पोरी, मौलाली चौकाकडनं रिक्षानं आलेल्या बुरखेवाल्या खाला, पोराला काखेत घेतलेली तांड्यावरची बंजारा बाई. अशी गर्दी मी दिवसाच्या ओपीडीत कधी बघितली नाही. म्हणजे लोकांना आरोग्याची जाणीव नाही, लोक अडाणी आहेत हे जे वर्षानुवर्षं भाषणात ऐकलं ते सगळं थोतांडच. दुपारनंतर दार उघडं ठेवलं तर आले की लोक.

एक टीप देऊन ठेवते. ज्या दिवशी भागात नळाला पाणी येतं त्या दिवशी जा, दवाखाना रिकामा असतो. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड, त्या दिवशी बायका घर सोडत नाहीत, मेल्या तरी सोडत नाहीत. सिस्टरला हे पाठ आहे, ती लसीकरणाचा आणि गरोदर बायकांचा दिवस पाण्याचा दिवस टाळून सांगते. हे तिला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नसणार, ती ह्याच भागातली आहे म्हणून तिला माहितीय.

आता ह्या सिस्टरबद्दल. मराठी, तेलुगू, दखनी हिंदी तिन्ही फाडफाड, आणि कन्नडही कामापुरतं. डॉक्टर बाहेरच्या जिल्ह्यातले, चांगले आहेत, चिडत नाहीत, पण तेलुगूचा गंध नाही. एकदा एक म्हातारी ‘आयासं, आयासं’ म्हणत होती, तेलुगूत म्हणजे धाप लागते, तर डॉक्टर म्हणतात आजी ह्या वयात काम केलं तर आयास होणारच. सिस्टर आतून ओरडली, सर धाप, धाप! मग स्टेथो लागला. सगळे हसले पण मला त्या दिवशी हसू नाही आलं, कारण सिस्टर जेवायला गेलेली असती तर?

आणि हेच झालं एकदा. सिस्टर रजेवर, बदली आलेली मुलगी लातूरकडची. अक्कांच्या पुढं एक बाई, तिला बाईपणाचं काहीतरी दुखणं, अंगावरून जाण्याचं, आणि मराठी अजिबात येत नाही म्हणून बरोबर आणलेली नात, चौथीत असेल, दोन वेण्या, ती सांगतेय डॉक्टरांना. आजीनं निम्मं सांगितलंच नाही. नातीनं उरलेल्यातलं निम्मं सांगितलं. डॉक्टर पुरुष, ते तरी कितीदा खोदून विचारणार. पोटदुखीच्या गोळ्या घेऊन आजी गेली. मी मागं बसून बघत होते, मला तेलुगू तोडकंमोडकं येतं, पण मध्ये पडायचं धाडस झालं नाही, ते अजून डोक्यात आहे.

माझी मावसबहीण अमेरिकेत नर्स आहे, न्यू जर्सीत. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली आमच्याकडं असं पोरांना दुभाषी म्हणून वापरणं चालतच नाही, जिवावरचा प्रसंग असेल आणि दुसरं कुणीच नसेल तरच. सरकारचा पैसा घेणाऱ्या दवाखान्याला दुभाष्या फुकट द्यावा लागतो, माणूस नसला तर फोनवर. मग तिनं सगळा इतिहासच सांगितला. १९८५ साली तिकडच्या आरोग्य खात्यानं, तेव्हा मार्गारेट हेकलर मंत्री होत्या, काळ्या आणि बाकी अल्पसंख्य लोकांच्या तब्येतीवर मोठा अहवाल काढला, त्यात सरळ आकडा मांडला की गोऱ्यांच्या मानानं ह्या लोकांत दरवर्षी सुमारे ६०,००० मृत्यू जास्तीचे होतात. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, ह्या एका कामासाठी वेगळं ऑफिस काढलं. २००० साली भाषा आणि संस्कृती ह्यावर दवाखान्यांसाठी निकष काढले. मी म्हटलं वा, मग तुमच्याकडं मिटलं सगळं. ती म्हणाली कुठलं मिटतंय, २०२१ मध्येसुद्धा बाळंतपणात दगावणाऱ्या काळ्या बायकांचं प्रमाण गोऱ्या बायकांच्या अडीच पटीच्या वर होतं. म्हणजे दुभाषी आला, ऑफिस आलं, कागद आले, तरी दरी आहेच. पण मला त्यातली एक गोष्ट लागली बघा, त्यांनी निदान मोजलं. कोण किती जास्त मरतंय हे गटागटानं, सरकारी कागदावर, मंत्र्याच्या सहीनं.

आपल्याकडं मोजतात, नाही असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात पाच वर्षांखालची मुलं दगावण्याचं प्रमाण हजारामागं ४२ आणि आदिवासींत ५० आहे. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत रक्तक्षय ५४.२ टक्के, आधीच्या फेरीत तो ४८ होता, म्हणजे वाढला! पण रकाने कुठले तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी, इतर. ह्यात आमच्या अक्का ओबीसीच्या ढिगात, मोठ्या बागायतदाराची बायको असेल तिच्याच शेजारी. तेलुगू बोलणारी विडी कामगार असा रकाना नाही. भटके-विमुक्त म्हणून रकाना नाही. आणि सरासरी काढली की सगळं गोड दिसतं, सिद्धेश्वर तलावाची सरासरी खोली काढून त्यात पोर सोडण्यासारखं आहे ते. २०२७ च्या जनगणनेत जात मोजणार म्हणतात, बघू.

विमुक्तांवरून आठवलं. ह्या दवाखान्याचा एक स्टार मी ज्याच्यासाठी कापला तो प्रसंग. सेटलमेंटकडची एक पारधी बाई, कडेवर पोर, पोराला जुलाब, ओठ सुकलेले. मे महिना, सोलापूरचा मे, तुम्हाला सांगायला नको, पारा ४३-४४ ला. केसपेपरच्या टेबलावर त्या दिवशी एक नवा मुलगा. आधार? नाही. मोबाइल? नाही. मग आभा कार्ड (सरकारचं डिजिटल आरोग्य खातं) कसं काढणार, ओटीपी कुठं येणार? बाई उभी. आता आभा कार्ड सक्तीचं नाही, सरकारनंच तसं सांगितलेलं आहे, पण त्या मुलाला वरून टार्गेट असणार इतके काढा म्हणून, त्यामुळं त्याच्या स्क्रीनवर आधी तेच. बाई दोन मिनिटं उभी राहिली आणि कुणी काही बोलायच्या आत वळून चालायला लागली. भांडली नाही, विनवलं नाही. जशी काही सवयच आहे. सिस्टर धावत बाहेर गेली, तिला दंडाला धरून परत आणली, आधी पोराला ओआरएस पाजायला लावलं, कागद नंतर.

ह्या मागं काय आहे ते सेटलमेंट ह्या नावातच आहे. १८७१ चा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा, अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानंच चोर ठरवल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत केली, हजेरी लावायची, विचारल्याशिवाय बाहेर जायचं नाही. तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली पण टेबलाच्या पलीकडं बसलेला माणूस कागद मागायला लागला की वळून निघून जायचं, हे अंगात मुरलेलं आहे. तिच्या आज्जीनं, पणजीनं टेबलासमोर उभं राहून काय भोगलं असेल ते आपण कल्पनाच करायची. त्या मुलाला ह्यातलं काही माहीत नसणार, तोही बिचारा कंत्राटावर असेल. पण मग हे कुणीतरी सांगायला नको का त्याला? आणि मुख्य म्हणजे ती बाई निघून गेली असती तर तिची नोंद कुठंच झाली नसती. दवाखान्याच्या रजिस्टरात आलेल्यांचा आकडा असतो, परत गेलेल्यांचा नसतो. वर रिपोर्ट गेला असता, आज ८४ पेशंट, शंभर टक्के समाधान.

औषधांचं सांगते. तपासणी फुकट, गोळ्या फुकट, एकदम खरं. रक्त, लघवी, साखर तिथंच घेतात, रिपोर्ट दोन दिवसांनी (एकदा आमचा रिपोर्ट हरवला, परत टोचून घेतलं, अक्कांनी तेलुगूत जे काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही). बीपीच्या गोळ्या एकदम महिन्याच्या देतात, हे फार बरं. नाहीतर पूर्वी आठवड्याला या, पाच दिवसाला या. पण सप्टेंबरात अकरा दिवस बीपीची गोळी नव्हती. अकरा. रोज विचारलं की उद्या. मी शेवटी जेनेरिकच्या दुकानातून पाकीट आणून दिलं, स्वस्त पडलं, पण माझ्याकडं तेवढं डोकं चालवायला वेळ आहे. अक्कांनी सरळ गोळी बंदच केली होती, मला सांगितलंही नाही, म्हणे डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही. तुटवडा सगळ्यांनाच सारखा असतो असं वाटतं ना, पण तो सारखा नसतो, ज्याच्याकडं शंभर रुपये आणि स्कूटी आहे त्याला तो अर्ध्या तासाचा असतो.

लोहाच्या गोळ्या मात्र कायम होत्या. सिस्टरनं नीट समजावलंही, चहाबरोबर घ्यायची नाही, चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या, शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. हे काळं होण्याचं कुणी सांगत नाही आणि मग बायका घाबरून गोळ्या मोरीत टाकतात, आमच्या गल्लीत किती जणींनी टाकल्या असतील. अक्कांचं हिमोग्लोबिन चार महिन्यांत १०.१ झालं.

भिंतीवर योजनांचे बोर्ड भरपूर. महात्मा फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान, मातृवंदना, निक्षय पोषण. ह्यांना मी वाईट म्हणणार नाही. फुले योजना पूर्वी राजीव गांधी जीवनदायी होती, २०१२ ला पहिल्या टप्प्यात जे आठ जिल्हे घेतले त्यात आपला सोलापूर होता, आमच्याच नात्यात तिच्यावर एक बायपास झालीय, एक रुपया नाही लागला. आता पाच लाखांचं कव्हर आहे. टीबीच्या पेशंटला आहारासाठी महिन्याला ५०० मिळायचे ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. बाळंतपणासाठीच्या जननी सुरक्षा योजनेचे शहरात ६०० रुपये आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांनाच मिळतात, म्हणजे मुद्दाम त्यांच्यासाठी ठेवलेले. पण बघा की, मोठ्या योजना सगळ्या ॲडमिट झाल्यावरच्या. अँजिओप्लास्टी फुकट, डायलिसिस फुकट. आणि ज्या बीपीमुळं किडनी जाते त्या बीपीची रोजची गोळी ह्या कार्डात बसत नाही, ती ह्या छोट्या दवाखान्याच्या कपाटात असली तर असली. अक्कांनी एकदा माझ्याकडं कार्ड दाखवून विचारलं, बिड्डा, ह्यावर गोळ्या मिळतील का? मी म्हटलं नाही अक्का, त्यासाठी आधी आडवं पडायला लागतं.

विडी कामगारांचा वेगळा कल्याण निधी होता तोही सांगून ठेवते कारण नव्या पोरांना माहीत नाही. १९७६ चा कायदा, विडीवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातनं कामगारांचे दवाखाने, पोरांच्या स्कॉलरशिपा, घरं. जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो उपकर गेला. विडीवर टॅक्स आहेच, तेव्हा २८ टक्के लावला होता, पण तो आता सगळ्यांच्या मोठ्या हौदात पडतो, विडीवाल्या बाईच्या नावानं वेगळा निघत नाही. हे काही ह्या दवाखान्याचं पाप नाही, त्यामुळं स्टार कापले नाहीत.

आणि एक, विषयांतर वाटेल, पण अक्कांची धाकटी बहीण कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. ती दहा हजार घरं २००६ ला मनमोहन सिंगांच्या हस्ते दिली, विडी कामगारांचे पुढारी नरसय्या आडम मास्तरांनी लावून धरलं होतं. बहीण आधी एका खोलीत राहायची, तिथंच तंबाखूची पिशवी, तिथंच चूल, तिथंच तीन पोरं झोपायची, पावसात भिंत ओली. घरकुलात गेल्यावर पोरांचा खोकला गेला असं तीच सांगते. आता ह्याला कुणी आरोग्य योजना म्हणत नाही, बोर्डावर नाही, पण अक्का अजून त्या एका खोलीतच आहेत आणि डॉक्टर त्यांना दर वेळी सांगतात तंबाखूपासून लांब बसा. कुठं बसू, असं अक्का विचारतात. डॉक्टर गप्प. खरंच काय सांगणार तो माणूस, घर नऊ बाय दहाचं.

बाकी किरकोळ. बसायला तीन बाकं, गर्दीच्या वेळी कमी पडतात. पंखे दोन, एक बंद. पिण्याचं पाणी आहे. संडास आहे पण कुलूप, किल्ली मागायला लागते, आणि लघवी तपासायला सांगितलेल्या बाईनं पाच पुरुषांसमोर किल्ली मागायची म्हणजे अवघडच. बाई डॉक्टर आठवड्यातनं एकदाच, त्या दिवशी आतली गर्दी बघा म्हणजे कळेल रोज किती जणी सांगत नसतील. बोर्ड सगळे मराठीत आणि इंग्रजीत. तेलुगूत एकही नाही, उर्दूत एकही नाही. अहो आमच्या भागात लग्नाच्या पत्रिका तेलुगूत छापतात, दुकानाच्या पाट्या तेलुगूत असतात, पद्मशाली समाजाच्या मार्कंडेय रथाच्या मिरवणुकीच्या वेळी सगळा पट्टा तेलुगूत बोलतो, मग ‘गोळी उपाशीपोटी की जेवल्यावर’ एवढं चार ओळींचं तेलुगूत लिहून लावायला काय मोठा निधी लागतो? मराठी राज्यात मराठी पाहिजेच, मी स्वतः त्याबाबत कट्टर आहे, पण औषधाच्या पुड्यावर भांडण नको. अक्कांना तर वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी सिस्टर पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढते, सूर्य म्हणजे सकाळी, चंद्र म्हणजे रात्री. ते पाकीट अक्का देवाच्या फोटोमागं ठेवतात.

आशाताईंचं नाव घ्यायचं राहिलंच. सप्टेंबरच्या त्या अकरा दिवसांनंतर अक्का परत गेल्याच नव्हत्या, तेव्हा घरी आल्या त्या आशाताई, हातात यादी, अक्का तुमची गोळीची तारीख गेली की ओ. मानधन त्यांचं मिळतं कधी आणि थकतं कधी तो वेगळा विषय, त्यावर लिहायला बसले तर रात्र होईल.

जायचं असेल तर साडेपाचला जा, साताच्या आत नंबर लागतो. जुने कागद न्या. आधार नसेल तरी जा, आणि टेबलावर अडवलं तर परत फिरू नका, आत जाऊन सिस्टरला भेटा. तेलुगूवाली म्हातारी बरोबर असेल तर सिस्टरची सुट्टी कधी ते आधी विचारून घ्या. डोळे फिरायलेत असं कुणी म्हटलं तर त्यांना आधी बीपी बघा म्हणून सांगायला लावा.

अपडेट : काल परत गेलो होतो. अक्कांचं बीपी १४२/८८. गोळ्या होत्या. केसपेपरवरच्या मुलानं आधार न मागता आधी काय होतंय विचारलं, बहुतेक सिस्टरनं झापलेलं दिसतंय. दुसरा पंखा अजून बंदच आहे. आणि सिस्टरच्या बदलीची ऑर्डर निघालीय असं आशाताई म्हणत होत्या, सिस्टरला विचारलं तर म्हणाली बघू, अजून कागद हातात नाही, पुढचा नंबर कोणाय?